एक सॅक, तीन कामे : निवड करताना काय पाहावे?

सकाळी पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरणारी गर्दी पाहिली, तर बहुतेकांच्या पाठीवर सॅक दिसते. तीत लॅपटॉप असतो, जेवणाचा डबा असतो, पाण्याची बाटली आणि छत्री असते. तीच सॅक सुट्टीला लागून कोकण रेल्वेने मुंबईला जाते आणि एखाद्या रविवारी मोलेच्या अभयारण्यात किंवा तांबडी सुर्लाच्या रानवाटेवरही सोबत करते. इतक्या कामांची ही वस्तू दुकानात मात्र रंग, कंपनीचे नाव आणि कप्प्यांची संख्या पाहून निवडली जाते. चूक ध्यानात येते ती पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीत, लॅपटॉपच्या कप्प्यात पाणी शिरल्यावर. किंवा काही महिन्यांनी, खांदे आणि मान रोज भरून येऊ लागल्यावर.

नोकरी, प्रवास आणि हलकी भटकंती या तिन्हींसाठी एक सॅक पुरू शकते. त्यासाठी वर्षातून दोन-चार वेळा घडणाऱ्या प्रवासाऐवजी रोजच्या ओझ्याला प्रमाण मानावे लागते. रोज जी पाठीला नीट बसते, ती प्रवासातही चालते; प्रवासासाठी घेतलेली अवाढव्य सॅक मात्र रोज जड होते.

आकार : किती लिटर?

सॅकचे आकारमान लिटरमध्ये सांगितले जाते. लांबी, रुंदी आणि खोली सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला १,००० ने भागले, की ढोबळ अंदाज मिळतो. ४८ सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आणि १८ सें.मी. खोल सॅक सुमारे २६ लिटरची भरते. गोलाईमुळे प्रत्यक्ष जागा त्याहून थोडी कमी असते.

तिन्ही कामांसाठी २२ ते २८ लिटर हे माप सोयीचे ठरते. त्यात रोजचे सामान सैल बसते, दोन दिवसांचे कपडे मावतात आणि भरलेल्या बसमध्ये सॅक मांडीवर घेता येते. देशांतर्गत विमानप्रवासात साधारण श्रेणीच्या प्रवाशाला हातसामान म्हणून सामान्यतः ७ किलोपर्यंतची एक बॅग नेता येते. या मापाची सॅक त्या मर्यादेत सहज राहते. ४० लिटरची सॅक घेणाऱ्याचा अनुभव वेगळा असतो. मोकळी जागा दिसली की ती भरली जाते, आणि भरली नाही तर आतले सामान तळाशी जाऊन ओझे पाठीपासून मागे ओढले जाते.

ओझे आणि पाठ

रोजच्या ओझ्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. चार्जरसह लॅपटॉप सुमारे दोन किलो, लिटरभर पाणी एक किलो, डबा आणि छत्री मिळून आणखी एक किलो, आणि रिकाम्या सॅकचे स्वतःचे वजन पाऊण ते एक किलो. पाच किलो सहज होतात. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलांच्या दप्तराचे वजन शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. धोरण मुलांसाठी असले, तरी रोज वाहायच्या ओझ्याचा अंदाज घेताना तो आकडा प्रौढांनाही उपयोगी पडतो. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा साडेपाच किलो येते. म्हणूनच रिकामी असतानाच दीड किलो भरणारी सॅक, कितीही मजबूत असली तरी, रोजच्या कामाची नव्हे.

खांद्याचे पट्टे रुंद आणि भरीव असावेत व खांद्याला लागून बसावेत. सॅकचा तळ कमरेच्या फार खाली लोंबू नये. छातीवरचा आडवा पट्टा खांद्याचे पट्टे सरकू देत नाही. दुचाकीस्वाराला त्याचा विशेष उपयोग होतो. भटकंतीत कमरेचा पट्टा ओझ्याचा भाग खांद्यावरून नितंबांच्या हाडांवर उतरवतो. तो काढता किंवा आत दुमडता आला, तर बसमध्ये अडकत नाही. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असावा, कारण जड वस्तू जितकी पाठीजवळ तितका ताण कमी. त्या कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून बोटभर वर शिवलेला असावा. तसे नसल्यास सॅक जमिनीवर ठेवताना प्रत्येक वेळी आघात थेट यंत्राला बसतो.

पाऊस, दमट हवा आणि खारा वारा

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. ‘पाणीरोधक’ अशी चिठ्ठी असलेल्या सॅकचे कापड सरी अडवते, पण पाणी बहुधा शिवणीतून आणि चेनमधून आत येते. वरून चढवायचे आवरण उपयोगी असले, तरी ते पाठीकडची बाजू उघडीच ठेवते. मानेवरून ओघळलेले पाणी तेथून झिरपते. त्यामुळे बाहेरच्या आवरणाबरोबर आत जाड प्लास्टिकची किंवा तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी ठेवणे हाच भरवशाचा उपाय आहे.

कापडाच्या जाडीसाठी ‘डेनियर’ हे माप वापरतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. ६०० डेनियरचे पॉलिस्टर रोजच्या वापराला पुरते. नायलॉन तितक्याच वजनात अधिक टिकाऊ, पण बहुधा महाग. आतल्या बाजूचा पाणीरोधक लेप दमट हवेत कालांतराने चिकट होतो आणि सुटू लागतो. ओली सॅक कपाटात कोंबली, तर हे लवकर घडते आणि बुरशीही धरते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी धातूच्या दात्यांपेक्षा जाड नायलॉनची चेन निवडावी. खाऱ्या हवेत धातू लवकर गंजतो.

दुकानातली परीक्षा

रिकामी सॅक कोणाच्याही पाठीला छानच बसते. म्हणून रोजचे सामान सोबत नेऊन, ते भरून, दहा मिनिटे चालून पाहावे. खांद्याचे पट्टे जेथे सॅकला जोडले आहेत, तेथे चौकोनात फुली मारलेली दुहेरी शिवण आहे का, ते तपासावे. सॅक बहुधा तेथेच फाटते. भरलेल्या सॅकची चेन वळणावर अडते का, बाटलीचा कप्पा सॅक भरल्यावरही उघडतो का, हेही पाहावे. हमी असल्यास बिल जपून ठेवावे.

नवी खरेदी करण्याआधी घरातली जुनी सॅक एकदा उलटी करून पाहणेही योग्य ठरेल. पट्टे आणि शिवण शाबूत असतील व केवळ चेन बिघडली असेल, तर बाजारातला बॅगा दुरुस्त करणारा कारागीर थोडक्या पैशांत नवी चेन बसवून देतो. त्यात एक पाणीरोधक पिशवी घातली, की तीच सॅक आणखी दोन पावसाळे काढू शकते. हे काम मे महिन्यातच उरकून घेतलेले बरे.