येणे वसुलीसाठी दिवाळखोरीचा अर्ज

उधारी थकली आणि स्मरणपत्रांना उत्तर येईनासे झाले, की हल्ली व्यापारी वर्तुळात एक सल्ला हमखास मिळतो : कंपनीविरुद्ध ‘एनसीएलटी’त, म्हणजे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, अर्ज टाका; पैसे आपोआप येतील. यामागचा तर्क उघड आहे. दिवाणी दाव्यात वर्षे जातात. येथे अर्जाची नुसती कुणकुण बँकेला लागली तरी समोरच्याची पत ढासळते. नेमका हाच दबाव न्यायालयांना मान्य नाही.

ही नापसंती जुनी आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार ५०० रुपयांहून अधिक देणे मागणीपत्रानंतर तीन आठवड्यांत न फेडणारी कंपनी असमर्थ मानली जाई व धनको तिचे परिसमापन मागू शके. रक्कम क्षुल्लक, उपाय मात्र जालीम! मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या मधुसूदन गोरधनदास विरुद्ध मधु वुलन इंडस्ट्रीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दंडक स्पष्ट केला : देण्याविषयी प्रामाणिक वाद असेल आणि बचावात तथ्य असेल, तर कंपनी गुंडाळण्याचा आदेश मिळणार नाही. मात्र देणे निर्विवाद असताना ‘ऐपत आहे, पण देत नाही’ हा बचाव चालणार नाही.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने हाच विचार कलमांत उतरवला. माल वा सेवा पुरवणाऱ्याने आधी मागणीपत्र द्यावयाचे. ऋणको कंपनीने दहा दिवसांत वाद असल्यास कळवायचा. मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा हा खटला यावरचा आधारस्तंभ. ‘नच बलिये’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या मतदानाचे काम किरुसाने मोबिलॉक्ससाठी केले. पुढे गोपनीयतेच्या कराराचा भंग झाल्याचे सांगून मोबिलॉक्सने देयके रोखली. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किरुसाचा अर्ज फेटाळणारा मुंबईचा मूळ आदेश कायम केला. ऋणकोचा बचाव अखेर टिकेल की नाही, हे येथे पाहावयाचे नाही. वाद खरोखर अस्तित्वात आहे, केवळ काल्पनिक नाही, एवढे पुरे.

व्यापाऱ्याने यातून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे वाद मागणीपत्राच्या आधीचा हवा. मालाच्या प्रतीविषयीची तक्रार फोनवर करून सोडून देणाऱ्याला नोटीस आल्यावर ती सिद्ध करणे जड जाते. तक्रार त्याच वेळी लेखी पाठवावी.

अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटी रुपये झाली. शिवाय कपटाने वा दुष्ट हेतूने कार्यवाही सुरू करणाऱ्यास कलम ६५ अन्वये एक लाख ते एक कोटी रुपये दंड होऊ शकतो.

सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत ते पुढेच आहे. अर्ज दाखल करून घेतला गेला, की कारभार संचालकांच्या हातून जातो आणि सूत्रे प्रामुख्याने बँकांसारख्या वित्तीय धनकोंच्या समितीकडे येतात. त्यानंतर तडजोड झाली तरी अर्ज मागे घेण्यास या समितीच्या नव्वद टक्के मतांची संमती लागते. पुनरुज्जीवन फसून कंपनी अवसायनात गेली, तर तारणधारक बँका, कामगार, कर्मचारी, इतकेच नव्हे तर सरकारी देणीही आधी भागवली जातात. माल उधारीवर देणाऱ्याचा क्रमांक त्यानंतर. त्याच्या मागे उरतात ते केवळ भागधारक.