विश्वासाची शाळा : लेखांक ६
बाप्तिस्म्यानंतरच्या रमाबाई

गेल्या आठवड्यात आपण दृढीकरणाचा विचार केला. प्रश्नोत्तरे पाठ होतात, बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात, घरी गोडधोड होते आणि बहुतेकांचा शास्त्राभ्यास तिथेच आटोपतो. पंधराव्या वर्षी पाठ केलेल्या उत्तरांवर माणसे साठी गाठतात. पंडिता रमाबाईंचे नेमके उलट झाले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी आपल्या चिमुकल्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस. कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली ‘सरस्वती’ ही पदवी गाठीशी. तिथल्या ज्या मठात त्या राहत होत्या, तिथल्या भगिनींना वाटले, आता ही शिष्या सांगू ते निमूटपणे ऐकेल. बाई कसल्या ऐकतात! त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, अशा एकेका मुद्द्यावर त्यांनी त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या देशभगिनींना ती कळणार आहेत का, हेही विचारले. कुणी याला हट्टीपणा म्हणेल. मला तो सच्च्या विद्यार्थ्याचा गुण वाटतो. न पटलेले पटले म्हणणे त्यांना जमत नव्हते.

पुढे त्या भारतात परतल्या. १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी त्यांचे शारदा सदन निघाले, ते पुढच्या वर्षी पुण्याला हलले. मुलींना बाटवतात म्हणून वर्तमानपत्रांनी झोड उठवली. जगाच्या लेखी बाई पक्क्या ख्रिस्ती होत्या. त्यांची स्वतःची साक्ष मात्र वेगळी आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली तरी आपल्याला ख्रिस्ती धर्मच तेवढा सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. आश्रम चालवणाऱ्या, नावाजलेल्या बाईने हे जाहीरपणे मान्य करावे, याला धैर्य लागते. आपल्याकडे सभासद म्हणून नाव नोंदले की विश्वास पुरा झाला असे धरून चालतात.

पुढे केडगावला त्यांनी निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन उभे केले. त्या व्यापातच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बालपणी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केलेली ही विदुषी उत्तरायुष्यात पुन्हा मुळाक्षरांपासून बसली, ती खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून त्यांचे संपूर्ण बायबल बाहेर आले.

असे मोठेपणी शिकायला जागा हवी. आपल्या मंडळीत मुलांसाठी संडे स्कूल असते, मोठ्यांसाठी बहुधा उपदेशच. तिथे हात वर करून प्रश्न विचारायची सोय नाही. तुमच्या पाळकांकडे प्रौढांच्या शास्त्राभ्यासाचा वर्ग मागा. पुढच्या लेखात इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय घेऊ. एव्हाना शिक्षक व्हायला हवे होते त्यांना अजून दूधच लागते, अशी खरडपट्टी तिथे आहे. तो अध्याय वाचून ठेवा आणि अडेल ते लिहून काढा.