एक प्रभू, अनेक मंडळ्या
(द्वितीय वर्ष, कला)

‘तू ख्रिश्चन की कॅथॉलिक?’ हा प्रश्न वर्गातील मित्र मला नेहमी विचारतात. वस्तुतः कॅथॉलिक हेही ख्रिस्तीच. पण विचारणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास होते. एवढ्याशा समाजात इतके पंथ पाहून बाहेरच्याचा गोंधळ उडणे साहजिकच आहे. गोंधळ आमच्या घरातही आहे. माझी आजी स्वतःला ‘अमेरिकन मिशनची’ म्हणवते, तर तिची धाकटी बहीण लग्नानंतर ‘एस. पी. जी.ची’ झाली. दोघी नगर जिल्ह्यातल्या, दोघींचे बायबल एक, भजने एक. मग या दोन नावांत फरक तो काय? घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात जाऊन शोधण्याचे काम माझ्याकडेच आले.

पंथ आले कोठून?

ख्रिस्ती धर्मातील मोठ्या फुटी आपल्या देशात झालेल्या नाहीत. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात दुरावा आला. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने धर्मसुधारणेची चळवळ सुरू केली आणि त्यातून प्रॉटेस्टंट पंथ निघाले. पुढे इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका येथे त्यांच्याही शाखा झाल्या. या शाखांच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आपापला पंथ बरोबर आणला. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले व १८३१ साली त्यांनी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ठाणे केले. कोकणात व मुंबईत स्कॉटिश मिशन, नाशकात इंग्लंडच्या चर्चचे मिशन, कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन अशी कामे उभी राहिली.

एकमेकांच्या क्षेत्रात शिरू नये म्हणून पुष्कळ मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. याचा अर्थ असा की, आपल्या पूर्वजांचा पंथ बहुधा धर्मचर्चेतून ठरला नाही. कोणत्या मिशनचा साहेब गावात आधी आला यावरून तो ठरला. नगर जिल्ह्यात तर ही वाटणीही टिकली नाही. अमेरिकन मिशनच्या मागोमाग तेथे एस. पी. जी. हे अँग्लिकन मिशन आले आणि एकाच भागात दोन मंडळ्या झाल्या. आजीच्या कोड्याचे उत्तर हे असे आहे.

एकीची हाक

या परक्या भांडणांचे ओझे आपण का वाहावे, असा प्रश्न भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्यांनीच उभा केला. १९१९ साली तमिळनाडूतील तरंगमबाडी येथे काही धर्मसेवक जमले. त्यांत बहुतेक भारतीय होते. भारतातील पहिले भारतीय अँग्लिकन बिशप व्ही. एस. अझरिया हे त्यांतले प्रमुख. आमच्यातील फुटी आम्ही केलेल्या नाहीत, त्या बाहेरून आमच्यावर आल्या आहेत, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. या बैठकीचे फळ यायला अठ्ठावीस वर्षे लागली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाले. ते पाहायला अझरिया हयात नव्हते.

उत्तरेकडील बोलणी १९२९ साली सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात पूर्ण झाली. ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये त्या दिवशी सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांचे आधीच एक झालेले संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट या त्या सहा मंडळ्या होत.

अडचणी कोणत्या होत्या?

चाळीस वर्षे कशात गेली, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न कारभाराचा. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो लगेच उमजेल. अँग्लिकनांत अधिकार बिशपकडे. प्रेस्बिटेरियनांत निवडलेल्या वडिलांच्या सभेकडे. काँग्रिगेशनल व बॅप्टिस्ट मंडळ्यांत तो गावच्या मंडळीकडे, जणू ग्रामसभाच. नव्या चर्चने तिन्ही ठेवले. बिशप राहिला, पण त्याला घटनेने बांधले. सभा राहिल्या आणि स्थानिक मंडळीचा आवाजही राहिला.

दुसरा प्रश्न बाप्तिस्म्याचा. बहुतेक पंथ तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात. माणसाने जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा द्यावा, असे बॅप्टिस्ट मानतात. येथे दोन्ही रीती मान्य झाल्या. आईबापांनी हवे तर मुलाचा बाप्तिस्मा करावा, नाहीतर त्याचे समर्पण करून तो मोठा होण्याची वाट पाहावी.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक होता. बिशपने हात ठेवून दीक्षा दिलेला तोच खरा धर्मसेवक, ही अँग्लिकनांची धारणा. मग इतर पाळकांनी आयुष्यभर केलेली सेवा खोटी होती काय? पुन्हा दीक्षा घेणे म्हणजे तसे कबूल करणे होते. यावर तोडगा असा निघाला की, सर्व मंडळ्यांच्या धर्मसेवकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करायची. ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे, एवढेच मागायचे. कोणाला काय उणे होते, हे मुद्दामच कोणी ठरवले नाही. काही विद्वानांना ही पळवाट वाटली. मला तो शहाणपणा वाटतो. कारण दुसऱ्याला खोटे न ठरवता एकत्र येण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

आजीच्या आणि तिच्या बहिणीच्या मंडळ्या याच प्रवाहात एक झाल्या. पूर्वी अँग्लिकन देवळात प्रभुभोजन घ्यायचे, तर बिशपकडून दृढीकरण झालेले असावे असा नियम असे. आज दोघी एका मेजाशी बसू शकतात. कागदावरच्या घटनेने दोन अडाणी म्हाताऱ्यांना एवढे दिले, हे मला थोडे वाटत नाही.

जे राहून गेले

सगळेच मात्र आले नाहीत. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट बोलण्यांत सुरुवातीपासून होते, तरी १९७० साली ऐन वेळी त्यांनी बाहेर राहण्याचे ठरवले. १९८१ साली त्यांचे ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ हे स्वतंत्र चर्च झाले. कॅथॉलिक चर्च या योजनेत नव्हतेच. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती एकीविषयी आदेश काढला आणि दारे किलकिली झाली. ज्या मुद्द्यावर ल्यूथरचा झगडा झाला, त्यावर १९९९ साली कॅथॉलिक व ल्यूथरन यांनी संयुक्त निवेदन केले. दरवर्षी १८ ते २५ जानेवारीचा आठवडा एकीच्या प्रार्थनेसाठी पाळला जातो.

परंतु एक भिंत अशी आहे की ती ना रोमहून आली ना लंडनहून. ती आपल्याच मातीची आहे. आमच्याकडे सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न मंडळीचा असतो आणि दुसरा, आवाज खाली करून, पूर्वीच्या जातीचा. पंथाच्या प्रश्नाला नागपुरात उत्तर मिळाले. या दुसऱ्या प्रश्नासाठी कोणतीही समिती चाळीस वर्षे बसली नाही. शेजारी बसून भाकर मोडणारी दोन माणसे एकमेकांचे व्याही होऊ शकत नसतील, तर त्या एकीला अर्धीच म्हणावे लागेल.

ना. वा. टिळकांची भजने निरनिराळ्या मंडळ्यांत गायिली जातात आणि ती गाताना कोणी कोणाला पंथ विचारत नाही. १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही जागा होती. एवढे मोठे मन आपल्या मातीत होऊन गेले आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू आपले अनुयायी एक व्हावेत म्हणून प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेचे पंथापुरते उत्तर मागच्या पिढ्यांनी खूप कष्टाने शोधले. सोयरिकीतला तो दुसरा प्रश्न विचारणे बंद करायचे काम आमच्या पिढीचे आहे, आणि त्यासाठी परिषद भरवण्याची गरज नाही. आपापल्या घरात, लग्नाची बोलणी निघतील त्या दिवशी, तो प्रश्न आपण विचारू नये आणि कोणी विचारलाच तर उत्तर देऊ नये, एवढे पुरे आहे.