लिनक्स डेस्कटॉप झोपला आणि उठलाच नाही?

वळवाच्या वाऱ्यात वीज जाणे परभणी जिल्ह्याला नवे नाही. म्हणून दोष विजेचा की लिनक्सचा, हे आधी ठरवा. टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा वापरून मागच्या वेळच्या नोंदी उघडा. काम चालू असतानाच नोंदी तुटल्या असतील, तर बहुधा वीज गेली. शेवटची ओळ ‘सस्पेंड एंट्री’ची असेल आणि वीज तर गेली नव्हती, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर किंवा कर्नलवर घ्या. सुरू होताना ग्रब मेनूतून जुने कर्नल निवडून पाहा.

खरा धोका वेगळाच आहे. सस्पेंडमध्ये उघडे काम रॅममध्येच राहते आणि रॅमला सतत वीज लागते. डेस्कटॉपला बॅटरी नसते; वीज गेली की न साठवलेले सगळे गेले. हायबरनेट तेच काम डिस्कवर लिहून ठेवते. त्यासाठी स्वॅपची जागा साधारण रॅमएवढी हवी. भारनियमनाच्या गावात डेस्कटॉपवर सस्पेंड वापरूच नये, हे आमचे स्पष्ट मत.

यूपीएस यूएसबी केबलने जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ बसवले, तर बॅटरी संपत आल्यावर संगणक आपोआप नीट बंद होतो. स्वस्त यूपीएसना अनेकदा यूएसबी पोर्टच नसतो. घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारा.