लासरू आणि अश्रुमार्गाची शस्त्रक्रिया

डोळ्याच्या वरच्या बाहेरील अंगाला असलेल्या अश्रुग्रंथीत तयार होणारे पाणी बुबुळावरून पसरत नाकाकडील कोपऱ्यात येते, पापण्यांच्या कडांवरील दोन सूक्ष्म छिद्रांतून अश्रुपिशवीत जाते आणि तेथून सुमारे १८ मिलिमीटर लांबीच्या नलिकेने नाकात उतरते. ही नलिका बंद झाली की पाणी गालावर ओघळू लागते, पिशवीत तुंबलेल्या पाण्यात जंतू वाढून पू होतो आणि कोपऱ्याजवळ दाबल्यास तो उलटा डोळ्यात येतो. या विकाराला लासरू म्हणतात. तान्ह्या बाळांत नलिकेच्या तोंडाशी राहिलेला पातळ पडदा पिशवीवर बोटाने खाली दाबत केलेल्या मालिशने बहुधा वर्षभरात उघडतो. चाळिशीनंतर दाहाने आक्रसलेली नलिका मात्र थेंबांच्या औषधांनी मोकळी होत नाही. स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो आणि त्यांच्यातील नलिकेचा हाडातील मार्ग अरुंद असणे हे त्याचे एक कारण मानले जाते.

बुलढाणा जिल्ह्यासारख्या कपाशी, सोयाबीन आणि मक्याच्या प्रदेशात लासरूकडे निव्वळ पाणी गळण्याची कटकट म्हणून पाहणे धोक्याचे आहे, कारण सोंगणी-वेचणीत पाते किंवा काडी लागून बुबुळावर उमटलेला साधा ओरखडा एरवी भरून येतो, परंतु शेजारीच पुवाची पिशवी असेल तर त्याच ओरखड्यात जंतू शिरून व्रण होतो आणि पुढे डोळ्यात फूल पडते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी छिद्रातून बोथट सुईने खारट पाणी सोडून ते घशात उतरते का, हे पाहिले जाते तेही याचसाठी; पू उलटा आल्यास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकून आधी लासरूवर उपचार करावे लागतात, अन्यथा डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते.

बंद नलिका टाळून अश्रुपिशवी थेट नाकात उघडण्याची शस्त्रक्रिया इटलीतील आदेओ तोती यांनी १९०४ साली मांडली, आणि १९२१ मध्ये फ्रान्समधील द्युपुई-द्युतां व बुर्गे यांनी पिशवीचे व नाकाचे अस्तर एकमेकांस शिवण्याची जोड दिल्यावर ती अधिक भरवशाची झाली. ‘डीसीआर’ या नावाने परिचित असलेल्या या शस्त्रक्रियेत नाकाच्या बाजूस लहान छेद घेऊन पिशवी व नाक यांमधील हाडाचा तुकडा काढतात आणि दोन्ही अस्तरे जोडून नवी वाट तयार करतात. बहुतेक प्रौढांत ती जागा बधिर करून करता येते आणि दहापैकी सुमारे नऊ रुग्णांना गुण येतो. दुर्बिणीने नाकातून केल्यास चेहऱ्यावर व्रण राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस जोराने नाक शिंकरणे टाळावे लागते, कारण त्याने नव्या वाटेतून रक्तस्राव होऊ शकतो.

पिशवीच काढून टाकण्याची जुनी शस्त्रक्रिया कमी वेळाची असून तीही पुवाचा धोका मिटवते, मात्र पाणी गळणे तसेच राहते; अतिवृद्ध किंवा अशक्त रुग्णासाठी ती योग्य ठरते, पण जिच्यापुढे अजून वीस वर्षांचे शेतकाम आहे अशा स्त्रीला, हाड व नाकाची स्थिती अनुकूल असताना, केवळ सोय म्हणून तीच सुचवणे अन्यायाचे आहे.