टाळ्या थांबल्यानंतर

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या. डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका हे सारे ‘कोविड योद्धे’ झाले. या उपाधीमागे कृतज्ञता होती, पण तिच्यात एक अडचणही होती. योद्ध्याने घाबरायचे नसते, थकलो म्हणायचे नसते. आघातातून सावरण्याच्या वाटेवर मात्र भीती आणि थकवा बोलून दाखवण्याला मोठे स्थान आहे.

काही माणसे आघातानंतर नुसती सावरत नाहीत, तर आतून बदलतात. या बदलाला ‘आघातोत्तर वृद्धी’ म्हणता येईल. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९६मध्ये तो मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात पाच बाबी येतात: जगण्याचे मोल कळणे, नात्यांत जवळीक वाढणे, स्वतःच्या बळाची ओळख पटणे, नव्या शक्यता दिसणे आणि आध्यात्मिक जाणीव खोल होणे. त्यांच्या मते ही वाढ आघातातून आपोआप होत नाही. जगाविषयीच्या आपल्या समजुती कोसळल्यावर त्या पुन्हा उभारताना जी झटापट होते, तिच्यातून ती होते. म्हणूनच वाढ आणि वेदना एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला आपल्या कामाचा अर्थ नव्याने उमगू शकतो आणि तरीही तिची झोप उडालेली असू शकते.

या झटापटीच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४च्या ग्रंथात त्यांचे दोन गट केले: अडचणीवरच उपाय करणे आणि अडचणीने उठलेल्या भावना सांभाळणे. पाळ्यांची नीट आखणी हा पहिला प्रकार. सहकाऱ्याजवळ मन मोकळे करणे, प्रार्थना, थट्टामस्करी हा दुसरा. साथीत दोन्ही लागतात, कारण मृत्यू थांबवणे दर वेळी हाती नसते.

पण हे सगळे एकट्या माणसाच्या मनोबलावर सोडता येईल का? टोरांटोतील अनुभव वेगळे सांगतो. २००३च्या सार्स साथीनंतर १३ ते २६ महिन्यांनी रॉबर्ट माँडर आणि सहकाऱ्यांनी ७६९ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी केली. सार्सचे रुग्ण हाताळलेल्या टोरांटोतील रुग्णालयांत ३०.४ टक्के कर्मचारी कामाने पार पिचलेले आढळले. सार्सचे रुग्ण न आलेल्या हॅमिल्टनमध्ये हे प्रमाण १९.२ टक्के होते. टाळाटाळ आणि स्वतःला दोष देण्याची सवय या त्रासाशी निगडित होती. तितकेच महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षण, संरक्षण आणि आधार पुरेसा मिळाला, असे ज्यांना वाटले, त्यांना झळ कमी बसली.

आपल्याकडचे चित्र या संदर्भात पाहावे. जून २०२१मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, महाराष्ट्रातील आशा सेविका मोबदल्यासाठी संपावर गेल्या. मे २०२२मध्ये भारतातील आशा सेविकांचा जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. गौरव रास्तच होता, पण त्याने मोबदल्याचा प्रश्न सुटत नाही.

आघातोत्तर वृद्धीची कल्पना म्हणूनच जपून वापरायला हवी. ‘संकटाने मला घडवले’ असे एखादी परिचारिका म्हणते, तेव्हा ते तिचे स्वतःचे कमावणे असते. तेच वाक्य व्यवस्था तिच्या वतीने म्हणू लागली, की पुढच्या साथीची तयारी न करण्याची सबब तयार होते.