वाट चुकलेली मुलं – भाग 7 : मूल उचलण्याची घाई

आज ऊसतोडीच्या मुलांवर लिहायचं ठरलं होतं. मुकादम, उचल, कोप्या, हंगामी वसतिगृहं, सगळी टिपणं काढून ठेवली होती. पण बालाचडी आणि वळिवड्याचा भाग वाचून इचलकरंजीच्या एका बाईंचं लांबलचक पत्र आलं, आणि त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत उरकणं मला काही जमेना. तेव्हा कोयता पुढच्या आठवड्यात.

बाई विचारतात, दुसऱ्या महायुद्धात नवानगरच्या जामसाहेबांनी परक्या देशाची, परक्या धर्माची शेकडो पोलिश मुलं आसऱ्याला घेतली. मग आज भूकंप झाला, पूर आला, तर आमच्यासारख्यांनी दोन मुलं घरी आणायला कायदा का आडवा येतो? 2019 च्या पंचगंगेच्या महापुरात बाईंनी स्वतःच्या माडीवर दोन कुटुंबं पाणी ओसरेपर्यंत ठेवून घेतली होती. म्हणजे नुसतं हळहळणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. म्हणून उत्तरही सविस्तर देतो, थोडं कडक वाटलं तरी.

जामसाहेबांनी काय केलं ते मागे लिहिलंच. त्यांनी काय केलं नाही, ते आज पाहू. त्यांनी मुलं घराघरांत वाटली नाहीत. बालाचडीला समुद्रकाठी छावणी उभारून ती एकत्र ठेवली. शिक्षक पोलिश, धर्मगुरू पोलिश, स्काउटची पथकं पोलिश. आपल्याकडचं तिखट मुलांना सोसेना तेव्हा गोव्याहून स्वयंपाकी आणवले. हे सगळं कशासाठी? कारण ती सगळीच मुलं अनाथ नव्हती. कुणाचा बाप जनरल आंदर्सच्या पोलिश फौजेत होता, कुणाची आई सोव्हिएत मुलखात मागे राहिली होती. आज ना उद्या कुणीतरी शोधत येईल आणि तेव्हा मुलाला त्याच्याशी बोलता आलं पाहिजे, हे त्या छावणीच्या रचनेतच धरलेलं होतं. युद्ध संपल्यावर या मुलांना पोलंडमधल्या नव्या साम्यवादी राजवटीच्या ताब्यात द्यायचा प्रश्न आला, तेव्हा जामसाहेबांनी छावणीतले धर्मगुरू आणि ब्रिटिश अधिकारी यांच्यासोबत मुलांचं कायदेशीर पालकत्व घेतलं. हे पालकत्व घेतलं ते मुलं राजवाड्यात आणायला नव्हे, तर कुणी ती परस्पर उचलून नेऊ नयेत म्हणून! 1946 साली त्यांतली बरीच मुलं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आली, ती आपल्याच माणसांत.

याच्या उलट वाट फिनलंडनं धरली. माझ्या मते संकटातल्या मुलांवर काम करणाऱ्या प्रत्येकानं हा धडा पाठ करावा. 1939 ते 1944 या काळात रशियाशी लढताना फिनलंडनं सुमारे 70 हजार मुलं शेजारच्या स्वीडनमध्ये धाडली. हेतूत खोट काढायला जागा नाही. स्वीडन तटस्थ, खाऊनपिऊन सुखी, माणसं प्रेमळ. गळ्यात नाव-नंबराची चिठ्ठी अडकवून तीन-चार वर्षांची मुलं आगगाडीत, बोटीत चढवली गेली. तिकडे अनेक घरांना एकच मूल हवं असायचं, त्यामुळे पुष्कळ भावंडं तिथेच फुटली. लहान मूल नवी भाषा जितक्या झपाट्यानं उचलतं, तितक्याच झपाट्यानं जुनी विसरतं. युद्ध संपून ही मुलं परत आली तेव्हा अनेकांना आईशी बोलता येईना. आई फिनिश बोलतेय, मूल स्वीडिश, आणि मधे दुभाष्या. जवळपास 15 हजार मुलं परत आलीच नाहीत. पुढे हेलसिंकीत जन्मलेल्या त्या पिढीचा म्हातारपणापर्यंत पाठपुरावा करून अभ्यास झाला. आईबापांजवळ बॉम्बच्या छायेत राहिलेल्यांपेक्षा सुरक्षित ठिकाणी धाडलेल्यांमध्ये नैराश्य आणि हृदयविकार जास्त आढळला. हे वाचल्यावर मी बरेच दिवस इतर काही वाचू शकलो नव्हतो.

फिनलंडमध्ये निदान सरकार होतं, याद्या होत्या. हैतीत 12 जानेवारी 2010 ला भूकंप झाला आणि महिना संपायच्या आत दहा अमेरिकन लोक 33 मुलं बसमध्ये घालून डोमिनिकन रिपब्लिकच्या हद्दीवर पकडले गेले. भूकंपातल्या अनाथांना वाचवतोय, असं त्यांचं म्हणणं. चौकशी झाली तेव्हा कळलं की बहुतेकांचे आईबाप जिवंत आहेत. त्यांनीच मुलं हाती दिली होती, शाळा मिळेल म्हणून. त्याआधी 2007 साली चाडमध्ये एका फ्रेंच संस्थेनं दार्फूरचे अनाथ म्हणून 103 मुलं विमानात चढवायची तयारी केली होती. जखमी दिसावीत म्हणून धडधाकट मुलांना बँडेज बांधलेली! ती मुलंही बहुतेक चाडचीच, आणि घरी आई किंवा बाप असलेली.

बाईंना इथे राग येईल की त्या भामट्यांशी माझी तुलना करता. नाही करत. पण मूल कोणी दिलं, का दिलं, हे न विचारता घेणारा चांगला माणूस आणि भामटा यांच्यात मुलाच्या दृष्टीनं फरक राहत नाही. आणि गरीब आईबाप मुलं का देतात, हे कोडंही नाही. 1994 साली रवांडातून पळालेले लोक शेजारच्या झैरेत गोम्याच्या छावण्यांत आले, तेव्हा एकट्या मुलांसाठी वेगळी केंद्रं काढली. तिथे अन्न बरं मिळायचं. झालं, घरची मुलंही तिथे येऊन पडू लागली. 2004 च्या सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतातल्या बालगृहांचंही तेच. तिथली बहुतेक मुलं घरच्यांनीच शिक्षणासाठी आणून ठेवलेली होती. बालगृह बांधलं की भरतं. त्यापेक्षा तोच पैसा त्या आईच्या हाती दिला तर मूल घरी राहतं, हे सांगून माझा घसा बसलाय.

आपल्याकडे 2021 च्या एप्रिल-मेमधले ते फॉरवर्ड आठवत असतील. कोविडनं आईबाप दोघंही गेले, दोन लेकरं आहेत, कुणाला हवी असतील तर या नंबरवर फोन करा. माझ्या ओळखीतल्या शहाण्यासुरत्या लोकांनी ते पाठवले होते, डोळ्यांत पाणी आणून. त्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की असली परस्पर दत्तकं चालवणाऱ्यांवर कारवाई करा. त्याच्या कितीतरी आधी, किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर, भारतीय जैन संघटनेनंही सुमारे 1,200 मुलं पुण्याला आणली होती. पण ती शिकायला आणली, वाटायला नाही.

आता बाईंच्या त्या आडव्या येणाऱ्या कायद्याकडे येऊ. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे आईबापांपासून तुटलेलं मूल सापडलं की चोवीस तासांत 1098 ही बालहेल्पलाइन, पोलीस किंवा बाल कल्याण समिती यांच्यापैकी कुणाला तरी कळवायचंच. न कळवणं गुन्हा आहे. पुढे समिती शोध घेते. दोन वर्षांपर्यंतचं मूल दत्तकासाठी मोकळं ठरवायला दोन महिने, त्याहून मोठं असेल तर चार. बाईंना यात लालफीत दिसते. मला हे चार महिने आईला पोचायला दिलेले वाटतात. ती कुठल्या तरी इस्पितळात पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेली असेल, तिचा फोन ढिगाऱ्याखाली गेला असेल, आणि आपलं लेकरू कुठल्या गाडीत चढवलं हे तिला कुणी सांगितलेलं नसेल. बचावपथकं मुलाला एका रुग्णवाहिकेत आणि आईला दुसरीत घालतात, तिथूनच निम्मी ताटातूट सुरू होते.

शोध घेणं हे कसबाचं काम आहे. समजा चार वर्षांचा पोरगा समोर आहे. नाव? बाळू. आईचं नाव? आई. इथे नवखा कार्यकर्ता हात टेकतो. कसलेला विचारतो, बाबा आईला काय हाक मारतात? ‘अगं.’ बरं, आजी काय म्हणते? ‘सुनंदे.’ सापडलं एक नाव. मग घराशेजारी काय आहे? गिरणी. मामाकडे लाल डब्यानं जाता की वडापनं? देवळात कुठला देव आहे? अशा दहा-बारा गोष्टींतून तालुका लागतो. मुलाला आणून सोडणाऱ्याचं नाव-गाव आणि मूल नेमकं कुठे सापडलं, हे त्याच क्षणी लिहून घ्यायचं. तो माणूस तासाभरात गर्दीत नाहीसा होतो. आणि अंगावरचे कपडे टाकायचे नाहीत! प्रेमळ बायका मुलाला आधी आंघोळ घालतात, नवा सदरा चढवतात, आणि आईनं ज्यावरून ओळखलं असतं तो ठिगळाचा फ्रॉक कचऱ्यात जातो. आधी त्याच कपड्यांत फोटो, मग आंघोळ.

फोटो लावतानाही सगळं उघड करायचं नसतं. पाठीवरचा डाग, करदोट्यातला मणी, असं एखादं हातचं राखायचं आणि येणाऱ्याला ते विचारायचं. त्याच सुनामीनंतर श्रीलंकेतल्या कलमुनईच्या रुग्णालयात काही महिन्यांचं एक बाळ दाखल झालं. 81 वा रुग्ण, म्हणून त्याचं नावच ‘बेबी 81’ पडलं. बऱ्याच जोडप्यांनी हक्क सांगितल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. अखेर न्यायालयानं डीएनए चाचणी करवली आणि फेब्रुवारी 2005 मध्ये बाळ खऱ्या आईबापांकडे गेलं. आरडाओरडा करणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी ते दिलं असतं तर?

मग बाईंनी करायचं काय? एक तर त्यांनी पुरात केलं तेच, अख्खं कुटुंब ठेवून घेणं. याहून मोठं बालसंरक्षण मला ठाऊक नाही. आईबाप गेलेलं मूल काकाकडे, आजीकडे असेल तर त्या घराला बालसंगोपन योजना मिळवून द्या. दरमहा 2,250 रुपये मिळतात, पण अर्ज, दाखले, चौकशी यांत म्हाताऱ्या आजीचं धैर्य खचतं. तिच्याबरोबर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन बसणारं कुणीतरी लागतं. अशा आज्या तुमच्याच गल्लीत निघतील. आणि मूल वाढवायचीच इच्छा असेल तर प्रतिपालकत्वासाठी, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळण्यासाठी, त्याच कक्षात नाव नोंदवा, दत्तकासाठी ‘कारा’ या केंद्रीय दत्तक यंत्रणेकडे. दोन्ही आजच, शांत दिवसांत. पूर आल्यावर नाही.

आता पुढच्या आठवड्याच्या ऊसतोडीच्या भागासाठी: ज्यांनी साखरशाळांवर शिकवलंय, त्यांनी आपले हजेरीपट किंवा आठवणी गुरुवारपर्यंत पाठवाव्यात. मुलं कुठल्या महिन्यात गळायची, ते मला पाहायचं आहे.